घरात भरते ती प्रत्येक सभा घरमंडळी नसते

ख्रिस्ती लग्नात जेवणं उरकली आणि चार माणसं मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसली की घरात भरणाऱ्या मंडळीला, म्हणजे उपासकांच्या समुदायाला, चर्च म्हणायचं का, हा वाद निघतोच. एक जण ताठ मानेने सांगतो, "आमची घरमंडळी आहे, अगदी पहिल्या शतकासारखी." दुसरा नाक मुरडतो, "कसली मंडळी? ना मंदिर, ना घंटा, ना पाळकाला झगा." दोघांचीही गाडी इमारतीपाशीच अडते. एकाला इमारत नसल्याचा अभिमान, दुसऱ्याला असल्याचा. या सगळ्या प्रकरणात इमारत सर्वांत बिनमहत्त्वाची आहे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

जुनं चर्च कसं चालतं हे वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालतो. थोडक्यात: स्थानिक मंडळी, तिची कमिटी, वर धर्मप्रांत आणि बिशप, त्यावर सिनड, म्हणजे सगळ्या धर्मप्रांतांची सर्वोच्च सभा. आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे सी.एन.आय., अर्थात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशा सहा परंपरा एकत्र येऊन ते झालं. मेथॉडिस्ट मंडळींपैकी मोठा गट बाहेर राहिला, त्यांचे बिशप वेगळे. कॅथलिकांची उतरंड रोमपर्यंत जाते. पुढे जाऊ.

जुनं चर्च आणि घरमंडळी यांतले किरकोळ फरक एका दमात संपवतो. चर्चमध्ये ऑर्गन आणि छापील उपासनाक्रम, घरात ढोलकी आणि पाठ केलेली गाणी. चर्चमध्ये "आमेन" शेवटी एकदा, घरात दर वाक्याला. बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून यावर लोक तासन् तास भांडतात, पण सी.एन.आय.मध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माही चालतो आणि जाणत्या वयातला, पाण्यात बुडवून दिलेलाही. म्हणजे फरक करायला तो मुद्दा कामाचाच नाही. झगा, मेणबत्त्या, उपदेशाची लांबी, सगळं त्याच टोपलीत टाका.

आता खरा घोळ. बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. तिला कोणी कॉटेज मीटिंग म्हणतं, कोणी घरसभा. वसईकडे कॅथलिक समूहांच्या प्रार्थना घरोघरी होतात, रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. ही घरमंडळी नव्हे. तिथली माणसं रविवारी आपापल्या चर्चलाच जातात, थाळीत पडलेले पैसे चर्चच्या खजिनदाराकडे जातात, आणि कोणाला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर "पाळक साहेबांशी बोलतो" असंच उत्तर मिळतं. ही चर्चचीच एक फांदी. घरमंडळी म्हणजे त्या खोलीबाहेर दुसरं चर्च नसणं. बाप्तिस्मा तिथेच, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) तिथेच, दशमांश (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचं दान) तिथेच, चुकलेल्याला समज देणंही तिथेच.

पण हाही वरवरचा फरक झाला. त्याच्या मुळाशी जे आहे त्यावरच सगळे ठेचकाळतात.

समजा, रविवारी सकाळी एका फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं बसली आहेत. दारात चपलांचा ढीग, खाली सतरंजी, म्हाताऱ्यांसाठी भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या. टीपॉयवर पांढऱ्या रुमालाखाली भाकर आणि स्टीलच्या पेल्यात द्राक्षाचा रस. खिडक्या लावलेल्या, कारण मागच्या महिन्यात सोसायटीच्या चेअरमननी आवाजावरून हटकलं होतं. इथे एकच प्रश्न विचारायचा: या मंडळीचं जे काही ठरतं, ते ठरवणारी सगळी माणसं या खोलीत आहेत का?

घरमंडळीत उत्तर "हो" असतं. पाळक कोण, शिकवायचं काय, पैसा कुठे जाणार, कोणाला भाकर द्यायची आणि कोणाला थांबवायचं, सगळं त्या सतरंजीवर ठरतं. जुन्या चर्चमध्ये उत्तर नेहमी "नाही" असतं. पाळकाची नेमणूक आणि बदली धर्मप्रांतातून, जमीन एखाद्या ट्रस्टच्या नावावर, उपासनेचा क्रम सिनडने मंजूर केलेला, आणि घटना लिहिणारे तर कधीच दफनभूमीत पोचलेले. तुमच्या मंडळीचे निम्मे निर्णय तुम्ही कधी न पाहिलेली माणसं घेतात. फरक एवढाच, बाकी सगळं त्यातून निघतं.

यातून घरमंडळीचा मोठा गुण निघतो, तो मी नाकारत नाही. कोणाची नोकरी गेली तर त्याच सकाळी कळतं आणि निघताना त्याच्या पिशवीत तांदूळ पडतात. ठराव नको, पोटकमिटी नको. जुन्या चर्चमध्ये तुमच्या घरचं आजारपण पाळक साहेबांना कळेपर्यंत माणूस बरा होऊन कामाला लागलेला असतो.

आणि यातूनच तिचं मोठं दुखणंही निघतं, ज्याबद्दल घरमंडळीवाले अवाक्षर काढत नाहीत. घराचा मालक आणि मंडळीचा प्रमुख बहुधा एकच असतो, नाहीतर मेहुणे-मेहुणे. ज्याच्या बायकोने केलेला चहा पिऊन उठायचं, त्याच्याकडे दशमांशाचा हिशेब कोणत्या तोंडाने मागायचा? चर्चच्या वार्षिक सभेत खजिनदाराला आडवातिडवा प्रश्न विचारणारा माणूस खडूस ठरतो, पण तो त्याचा हक्क असतो. घरात तोच प्रश्न पाहुणचाराचा अपमान ठरतो. मग माणूस विचारत नाही. एक दिवस यायचंच बंद करतो, आणि पुढच्या रविवारी त्याच्यासाठी "सैतानाने त्याला भुलवलं" म्हणून प्रार्थना होते. प्रमुखाशी बिनसलं तर दाद मागायला दुसरं दार नाही. जुन्या चर्चमध्ये बिशपला पत्र लिहिता येतं, बदली मागता येते, फारच झालं तर कोर्ट आहे. ही दारं कुरकुरत उघडतात हे खरं. १९७० च्या त्या एकीकरणात कोणाची मालमत्ता कोणाकडे गेली, यावरून गुजरातेतल्या ब्रदरन मंडळींचा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो २०१३ साली. तरी दार आहे.

"पहिल्या शतकासारखे" या दाव्याने माझं डोकं सर्वांत जास्त तापतं. घरात मंडळी भरत होती यात वादच नाही. बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं काढा: अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरातल्या मंडळीचा उल्लेख रोमकरांच्या पत्रातही आहे आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रातही. कलस्सैकरांच्या पत्रात नुंफाचं घर आहे, आणि फिलेमोनला लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीलाच त्याच्या घरातल्या मंडळीला सलाम आहे. पण मुळात हे आपल्याला कशावरून कळतं? पत्रांवरून. पौलासारखा बाहेरचा माणूस पत्र लिहून त्या घरांना खडसावत होता आणि ती घरं ऐकून घेत होती. अन्यधर्मीयांतून आलेल्यांनी सुंता करायची की नाही, हा वाद अंत्युखियात पेटला आणि सुटला यरुशलेमात. क्रेत बेटावर नगरोनगरी वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, नेमायला पौलाने तीताला मागे ठेवलं. यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी जमली तेव्हा ती पोचवायला सोबत कोण जाणार, हे मंडळ्यांनी निवडून दिलं. एवढ्या मोठ्या रकमेवरून आपल्यावर बोट ठेवायला कोणाला जागा राहू नये, असं पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्वतःच लिहितो. खुद्द प्रेषिताला सोबत हिशेबनीस लागला, आणि आमच्या घरमंडळीच्या भाऊंना पावतीपुस्तक नको.

घरात बसलं की आपोआप समता येते, हाही समज त्याच करिंथात फुटतो. पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढा: प्रभुभोजनाला जमलेल्यांत एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र.

दुरा-युरोपसचं नावही या वादात फेकलं जातं. सीरियातलं हे गाव इ.स. २५६ च्या सुमारास इराणच्या ससानी फौजेच्या वेढ्यात पडलं आणि भराव घातलेल्या तटाखाली तिथलं ख्रिस्ती घर जसंच्या तसं गाडलं गेलं. उकरलं तेव्हा दिसलं ते असं: दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांब दालन केलेलं, आणि एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, भोवती भिंतींवर चित्रं. कोणाचा संसार त्यात राहिला नव्हता. घराचं चर्च करून झालं होतं. चौथ्या शतकात चर्चला राजाश्रय देणाऱ्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने सगळं बिघडवलं, त्याआधी नुसती घरं होती, असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ही भिंत त्याच्या किती तरी आधी पडली होती.

आपल्याकडे चर्चबाहेरच्या प्रयोगाचं सर्वांत गंभीर उदाहरण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा. मिशनच्या पगारावर आणि गोऱ्या साहेबांच्या मर्जीवर उभ्या असलेल्या मंडळीला दिलेलं ते उत्तर होतं, आणि मला ते आजही पटतं. पण ९ मे १९१९ ला टिळक गेले आणि दरबाराची उभारी त्यांच्याबरोबर गेली. ठरवणारा तिथेही खोलीतच होता.

आता कागदपत्रं, म्हणजे जिथे लोकांचे डोळे उघडतात ती जागा. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. बिशपच्या हातून पाळकपदाची दीक्षा झालेला पाळक त्या दीक्षेच्या बळावर लग्न लावू शकतो. तशी दीक्षा नसलेल्याला सरकारी परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरमंडळीतले किती "रेव्हरंड" हे कलम वाचून बसलेत, देव जाणे. (स्वतःच स्वतःला लावलेलं रेव्हरंड हा माझा खास रागाचा विषय, व्हिजिटिंग कार्डावर तर हमखास.) लग्न ठरलेल्या जोडप्याने थेट विचारावं: तुमच्याकडे परवाना आहे का? नसेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कार्यालयात लग्न करावं आणि मग घरमंडळीत हवा तेवढा आशीर्वाद घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

मरणाचं त्याहून अवघड. दफनभूमी बऱ्याच गावांत जुन्या मंडळीच्या किंवा तिच्या ट्रस्टच्या ताब्यात असते, आणि जागा मागायला गेलं की आधी सभासदांचं रजिस्टर उघडतं. दहा वर्षं ज्या चर्चला "मेलेली मंडळी" म्हणून हिणवलं, तिच्या ऑफिसात मुलगा दुपारी एक वाजता उभा असतो, घरात बर्फावर वडील. आत कमिटीचे कोणी तरी थकलेल्या वर्गणीचा हिशेब काढतात. अशा वेळी मला दोघांचाही राग येतो, कमिटीचा जास्त. मयताच्या घरून थकबाकी वसूल करणाऱ्याने दुसऱ्याला पंथ शिकवू नये. आणि "आमची मेंढरं चोरली" म्हणून ओरडणाऱ्या चर्चांनी मेंढरं आजारी असताना कोण भेटायला गेलं होतं ते आधी सांगावं.

माझं स्वतःचं विचाराल तर मी जुन्याच मंडळीत आहे आणि तिथेच राहणार. नावडता पाळक बदलून जातो, ही सोय मला लाख मोलाची वाटते. आवडताही जातो, ते सोसतो. पण कोणी घरमंडळीत जायचं म्हटलं तर अडवत नाही, तीन गोष्टी बघ म्हणतो. प्रमुखाच्या नात्यातले नसलेले निदान दोन वडील आहेत का. पैसे कोणाच्या खाजगी खात्यात जातात की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टच्या. आणि शेजारच्या दुसऱ्या मंडळीशी काही संबंध आहे का, म्हणजे भांडण झालं तर मध्ये पडणारं तिसरं माणूस मिळेल. तिन्ही असतील तर ती घरमंडळी बऱ्याच चर्चांपेक्षा बरी.

हीच कसोटी नावांचा गोंधळही उलगडते. चीनमध्ये ज्यांना घरमंडळी म्हणतात त्यांतल्या काही घरात भरतच नव्हत्या. चेंगडूची 'अर्ली रेन' २०१८ च्या डिसेंबरात पोलिसांनी बंद पाडली तेव्हा ती ऑफिसच्या इमारतीत भरत होती, तिला वडील होते, प्रेस्बिटेरियन शिस्त होती, म्हणजे वडिलांच्या सभेने चालणारा कारभार. तिथे "घर" म्हणजे सरकारमान्य संघटनेत नाव न नोंदवलेली. आपल्या मापाने ती चांगली बांधीव मंडळी.

आणि उलट बाजूला आपल्या शहरांतली ती मोठी 'फेलोशिप', भाड्याच्या हॉलमध्ये हजार खुर्च्या, दोन एलईडी पडदे, दारात पार्किंगवाले. लोक तिला बेधडक चर्च म्हणतात, कारण मोठी आहे. पाळक स्वतः, खजिनदार बायको, तरुण संघाचा प्रमुख मुलगा, आणि ट्रस्टवर जावई. माझ्या हिशेबी ती अजूनही त्याच बाहेरच्या खोलीत बसली आहे, फक्त माईक लावून.