उसाच्या ट्रॉलीचे ब्रेक : पार्श्वभूमी

बैलगाडीत ऊस असायचा टन-दोन टन आणि उतारावर तो बैलच रेटून धरायचे. ट्रॅक्टर आल्यावर गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत ट्रॉल्या बनू लागल्या, त्या याच गाडीच्या बेतावर : लाट (चाकांचा आस), टायर, साटा (माल ठेवायची चौकट). ब्रेकचा विचार झालाच नाही, कारण थांबवण्याचं काम ओढणाऱ्याचं, हे गृहीतच होतं.

दोन ट्रॉल्यांसकट एकूण वजन १८ टन धरू. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना. त्यांच्यावर हुकाच्या भारासह २ टन वजन असेल, तर कोरड्या डांबरावर फार तर १.२ टनाचा रोध मिळतो. ताशी २५ किमी वेगावर सपाटीला थांबायला ३७ मीटर लागतात. विसास एक उताराला (वीस मीटरला एक मीटर उतार) हेच अंतर १५० मीटरच्या घरात जातं. पंधरास एक उताराला गाडी थांबतच नाही. ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते आणि वळणावर त्याला आडवा करते. ट्रॉल्यांच्या चाकांनी स्वतःच्या वजनाच्या पाव पट रोध दिला, तर सपाटीवर १० मीटरच्या आत काम होतं.

यावरचं उत्तर रेल्वेने आधीच शोधलं होतं. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या एअर ब्रेकमध्ये हवा भरली की ब्रेक लागे; पण गाडीचे डबे तुटून सुटले की सुटलेले डबे बिनब्रेकचे. १८७२ मध्ये त्याने रचना उलटवली : नळीत दाब असेल तोवर ब्रेक मोकळा, नळी तुटली की ब्रेक लागलाच. ट्रॉलीचा कोणताही ब्रेक याच कसोटीवर तपासावा, असं आमचं ठाम मत आहे.

स्वस्तातला पहिला पर्याय म्हणजे ओव्हररन ब्रेक. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते, ड्रॉबारचा (ट्रॉली ओढायच्या जोडाचा) दांडा आत सरकतो आणि रॉड किंवा केबल ब्रेक शू (चाकाच्या ड्रमला आतून घासणारे तुकडे) उघडते. रिव्हर्स घेतानाही दांडा आत जातोच, म्हणून ब्रिटनने एप्रिल १९८९ पासूनच्या अशा नव्या ट्रेलरना रिव्हर्समध्ये आपोआप सुटणारे ब्रेक सक्तीचे केले. लांब उतारावर मात्र शू सतत घासत राहतात, ड्रम तापतो आणि पकड जाते.

पुढचा टप्पा हायड्रॉलिक, एकनळीचा : पायाच्या ब्रेकबरोबर ट्रॅक्टरचं तेल १२०-१५० बार दाबाने ट्रॉलीच्या सिलिंडरला. जोर भरपूर, पण होज फुटली की वेस्टिंगहाउसची १८६९ ची चूक जशीच्या तशी. म्हणूनच युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमांनी नव्या वाहनांत ही पद्धत टप्प्याटप्प्याने बाद करायचं ठरवलं. दोननळी हवेच्या ब्रेकमध्ये लाल होजमधून टाकी भरते आणि पिवळ्यातून ब्रेकचा इशारा जातो. लाल तुटली की ट्रॉली जागच्या जागी धरली जाते.

जुन्या ट्रॉलीला ब्रेक बसवताना घोळ होतो तो बहुधा लाटेपाशी. साध्या लाटेवर ब्रेकची प्लेट वेल्डिंगने चिकटवली की उष्णतेने तिथेच चीर धरते. ड्रमसह तयार लाटच घ्यावी. ट्रॅक्टरच्या तेलावरच्या सिलिंडरमध्ये मोटारीचं ब्रेक ऑइल घालू नये, सीलचं रबर फुगतं. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ब्रेकचं डावं-उजवं पेडल पट्टीने जोडलेलंच हवं. लोड व्हॉल्व्ह (भारानुसार ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारी झडप) नसेल तर रिकाम्या ट्रॉलीची चाकं जाम होऊन घसरतात. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडावं आणि नवे लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) बसवल्यावर थोडं चालवून शूची फट पुन्हा जुळवावी. हवेच्या ब्रेकची शेवटची चाचणी सपाट, मोकळ्या जागेत, ट्रॅक्टर उभा असताना : टाकी भरू द्यावी, मग लाल होज काढावी. चाकं तत्काळ धरली नाहीत, तर ती ट्रॉली भरायची नाही.