सुट्टीच्या दिवशी न दुखणारं पोट

"रविवारी बरं दुखत नाही ह्याचं पोट!" शाळा सुरू झाल्या की ओपीडीत हे वाक्य दिवसाआड ऐकू येतं. कधी आई म्हणते, कधी वडील, आणि सोबत आजी आली असेल तर ती हमखास म्हणते. त्यावरून काढलेला निष्कर्षही ठरलेला: पोरगं नाटक करतंय. दुसऱ्या टोकाचे पालकही येतात. त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल असते. तीत सोनोग्राफीचे दोन-तीन रिपोर्ट, रक्त-लघवी-शौचाच्या तपासण्या, जंताच्या औषधाची चिठ्ठी, अ‍ॅसिडिटीचं सिरप. पोटात काहीतरी आहे आणि ते डॉक्टर लोकांना सापडत नाही, असं त्यांचं ठाम मत झालेलं असतं.

या दोन पक्षांच्या मधे स्टुलावर नऊ-दहा वर्षांचं मूल बसलेलं असतं. त्याचं पोट खरोखर दुखतं, आणि पोटात सापडावं असं काही नसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला मज्जासंस्थेत थोडं खोल शिरावं लागतं. मला तो भाग फार आवडतो, तेव्हा जरा लांबण लागेल.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली आणि त्यांच्या सहकारी नेश यांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, खेळ-अभ्यास थांबवावा लागेल इतकं पोट दुखणारी मुलं दर दहांत साधारण एक निघाली. अशा मुलांना अ‍ॅपलींनी कसून तपासलं, तेव्हा पोटाचा आजार सापडला तो दहातल्या एकाहूनही कमी मुलांत. त्यांनी घालून दिलेला एक ठोकताळा आजही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवला जातो: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी आजाराची शक्यता जास्त. म्हणून "कुठे दुखतं रे?" असं विचारल्यावर मूल एका बोटाने नेमकी जागा दाखवतं की अख्खा तळवा बेंबीभोवती फिरवतं, ते मी बघतो. पोट दाबताना नजर पोटावर ठेवत नाही, चेहऱ्यावर ठेवतो.

पण बेंबीच का? गर्भात आतडं शरीराच्या मधोमध, एका सरळ नळीसारखं तयार होतं आणि त्याला डावी-उजवीकडून, दोन्ही बाजूंनी मज्जातंतू मिळतात. पुढे ते वेटोळं घेऊन पोटभर पसरतं, तरी तंतूंची जोडणी जुनीच राहते. लहान आतड्याकडून वेदनेच्या बातम्या आणणारे तंतू मज्जारज्जूत साधारण दहाव्या वक्षीय (छातीच्या) पातळीच्या आसपास शिरतात. बेंबीभोवतालच्या कातडीचे तंतूही तिथेच येतात. दोघांची बातमी वर मेंदूकडे नेणारी पेशी बऱ्याचदा एकच असते. त्यातून कातडीत तंतूंची दाटी, आतड्यात ते विरळ. त्यामुळे आतड्यात कुठेही गडबड झाली तरी मेंदू तिचा पत्ता देतो तो मध्यरेषेवर, बेंबीपाशी, आणि तोही मोघम.

याच दुखण्याला आपल्याकडे 'बेंबी सरकली' म्हणतात. ती 'बसवून' देणारे लोकही आहेत: तेल लावून पोट चोळायचं, बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या उपडा घालायचा. बेंबी म्हणजे नाळेचा वण. तिच्या मागे सरकण्यासारखं काही नसतं. हे दुखणं तासाभरात आपोआप थांबायचंच असतं, त्यामुळे श्रेय तांब्याला मिळतं. एरवी मी यावर वाद घालत बसलो नसतो. पण अपेंडिक्सचं दुखणंही वर सांगितलेल्या कारणानेच सुरुवातीला बेंबीपाशी वाटतं, आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं. ते पोट जोर लावून चोळणं हा जिवाशी खेळ आहे.

आता मूळ यंत्रणा. आतडं चिमटीत पकडून कापलं तरी फारसं दुखत नाही, पण ताणलं की दुखतं. त्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जाजाळं असतं आणि हे जाळं मेंदूशी दुतर्फा बोलत असतं. व्हेगस नावाच्या मोठ्या मज्जातंतूतले सुमारे ८० टक्के धागे पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत, यावरून बातम्यांचा ओघ कुठे जास्त ते कळेल. उलट दिशेने, ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. त्याने जठर सुस्तावतं आणि मोठं आतडं घाईला येतं. शाळेच्या दिवशी सकाळी पोहे समोर आले की मळमळतं आणि बूट घालताना संडासला लागते, ते यामुळे. त्याच ताणाने आतड्याच्या अस्तरातल्या मास्ट पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात, आणि शेजारची वेदनाग्राही टोकं हळवी होतात. हे वारंवार झालं की मज्जारज्जूतल्या पेशींनाही सवय लागते: पूर्वी ज्या बातमीकडे त्या कानाडोळा करायच्या, तीही आता वर पाठवू लागतात.

वर काय पाठवायचं याच्यावर मेंदूचा ताबा असतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मज्जारज्जूत वेदनेचं 'फाटक' असतं ही कल्पना मांडली. पुढे त्या फाटकाची किल्ली कुठे आहे तेही उलगडलं. भावना आणि लक्ष यांच्याशी संबंधित सिंग्युलेट कॉर्टेक्स आणि भीतीशी संबंधित अमिग्डला हे भाग मध्यमेंदूतल्या एका करड्या पट्ट्याला सूचना देतात. तो पट्टा त्या सूचना मेंदूच्या देठातल्या पेशींना कळवतो. त्या पेशींत दोन जाती आहेत, वेदना वाढवणाऱ्या 'ऑन' पेशी आणि दाबणाऱ्या 'ऑफ' पेशी. सोसायटीच्या सेक्रेटरीने वॉचमनला "आज कुणालाही अडवू नकोस" असं सांगून ठेवावं, तसं चिंताग्रस्त मेंदूचं होतं. एरवी खालीच थांबली असती ती किरकोळ मंडळीही थेट दारात येऊन बेल वाजवतात. गंमत म्हणजे समोर ठाकलेली भीती वेदना दाबते. कुत्रा अंगावर आला तर फुटलेला गुडघा आठवत नाही. वेदना वाढवते ती 'काहीतरी होणार आहे' अशी वाट बघणारी चिंता: आज गणिताच्या बाई फळ्यापाशी बोलावतील का, रिक्षातली मोठी मुलं आज पुन्हा चिडवतील का.

रविवारी वाट बघण्यासारखं काही नसतं, म्हणून पोट दुखत नाही. हा नाटकाचा पुरावा म्हणून दिला जातो. खरं तर यंत्रणा नेमकी कशी चालते याचा हा पुरावा आहे. अशा मुलांच्या जठरात किंवा गुदाशयात छोटा फुगा सोडून तो सावकाश फुगवण्याचे प्रयोग झालेत. निरोगी मुलांना ज्या ताणाला नुसतं भरल्यासारखं वाटलं, त्याच्या आतच या मुलांना दुखलं. फुग्यासमोर नाटक करून काही साधत नाही.

इथे एक फाटा फोडतो. 'शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, म्हणून आमची प्रोबायोटिक पावडर द्या आणि मुलाला आनंदी ठेवा' अशा जाहिराती हल्ली पालकांच्या ग्रुपवर फिरतात. पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही, वाटेत रक्त-मेंदू अडसर आहे. आतड्यात ते आतड्याचीच कामं करतं. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो.

पालकांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो लिन वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या अमेरिकी प्रयोगाने. पोटदुखीची मुलं आणि धडधाकट मुलं, दोघांनाही पोट तुडुंब होईपर्यंत पाणी प्यायला लावलं. काही पालकांना आधीच सांगितलं होतं की मुलाने तक्रार केली तर तिच्याबद्दल काळजीने बोला. काहींना सांगितलं की विषय बदला, दुसरीकडे लक्ष वळवा. काहींना काहीच सांगितलं नाही. काळजीने विचारपूस झाली तिथे मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. लक्ष वळवलं तिथे निम्म्यावर आल्या. पुढचा भाग तर आणखी बोलका. लक्ष वळवल्याने बरं वाटलं, असं मुलांनी सांगितलं. पोटदुखीच्या मुलांच्या पालकांना मात्र तसं करणंच जास्त अपायकारक वाटत होतं. दर दहा मिनिटांनी "अजून दुखतंय का रे राजा?" विचारणारी आई चुकीचं काही करतेय असं तिला वाटणार तरी कसं?

आता मनाकडे. २००४ साली जॉन कॅम्पो यांच्या गटाने मनोरुग्णालयात न जाता साध्या बालरोग दवाखान्यांतच हा अभ्यास केला. वारंवार पोट दुखणाऱ्या ४२ मुलांपैकी ३३ मुलांत चिंतेचा विकार होता, १८ मुलांत नैराश्य. आणि चिंता बहुधा आधी सुरू झालेली, पोट नंतर दुखू लागलेलं. अशाच मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या जणांना आयुष्यात कधी ना कधी चिंतेच्या विकाराने गाठलं होतं. पोट न दुखणाऱ्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. म्हणजे यांतली कित्येक मुलं मनाचं दुखणं घेऊन आमच्याकडे आपल्या पायांनी चालत आलेली असतात, फक्त दाखवताना पोट दाखवतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे त्यांना कुणी नेत नाही, आणि लाख लोकसंख्येमागे एकही पुरता वाट्याला येत नाही अशा देशात नेणार तरी कुठे? पहिला प्रश्न विचारायचं काम बालरोगतज्ज्ञाचं आणि फॅमिली डॉक्टरचंच आहे.

माझ्या मते आमचं सगळ्यात जास्त चुकतं ते क्रमात. आम्ही आधी पोटाच्या सगळ्या तपासण्या करतो, सगळं नॉर्मल आलं की हात झटकून म्हणतो, "मनाचं आहे." आईला ते "तुमचं मूल खोटं बोलतंय" असंच ऐकू येतं आणि ती दुसरा डॉक्टर गाठते. तिथे पुन्हा सोनोग्राफी होते. पुन्हा 'पोटात गाठी' निघतात आणि घरात टीबीची कुजबुज सुरू होते. या गाठी म्हणजे आतड्याच्या पडद्यातल्या लिम्फ ग्रंथी, आणि त्या धडधाकट मुलांतही दिसतात. आडव्या मापाने ८ मिलिमीटरच्या आत असल्या आणि मुलाला दुसरं काही नसलं तर त्यांच्याकडे बघायचं कारण नाही. झोपेचं, शाळेचं, मित्रांचं, घरातल्या भांडणांचं विचारायचं ते पहिल्याच भेटीत, शौचाला कशी होते हे विचारतो त्याच सुरात. त्यातलं काही आईला बाहेर बसवूनच विचारावं लागतं.

विचारायचं काय, याची तयार साधनं आहेत. मायकेल जेलिनेक आणि सहकाऱ्यांनी बोस्टनला १९८०च्या दशकात ३५ प्रश्नांची एक यादी तयार केली. आई-वडील ती नंबर येईपर्यंत बाकावर बसून भरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य, एक किंवा दोन गुण, आणि शाळकरी वयात बेरीज २८ किंवा जास्त झाली तर पुढे चौकशी. यादीतला पहिलाच प्रश्न अंगदुखी-पोटदुखीसारख्या तक्रारींचा आहे. 'डॉक्टरकडे नेलं तर काही सापडत नाही' हेही तीत आहे. या यादीने निदान होत नाही, कुणाशी जास्त वेळ बोलायचं तेवढं कळतं.

ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवांच्या कार्यगटाने ८ ते १८ वर्षांच्या सगळ्याच मुलांची चिंतेसाठी चाळणी करा, अशी शिफारस केली तेव्हा आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर 'अमेरिकेचे चोचले' म्हणून बरेच हसे झाले. हसणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटतं: चाळणी करून पुढे पाठवायला जागाच नसेल तर उपयोग काय? मॅसॅच्युसेट्स राज्याने याला २००४ सालीच एक उत्तर शोधलं होतं. बालरोगतज्ज्ञाने फोन करायचा, बालमानसोपचारतज्ज्ञ त्याच दिवशी फोनवर सल्ला देणार, मूल आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच राहणार. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२मध्येच सुरू झालेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, पण ती थेट लोकांसाठी आहे. डॉक्टरने डॉक्टरला विचारायची अशी सोय माझ्या ओपीडीतून मला आजही हवी आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपला आकडा फार वेगळा असेल असं समजायला मला कारण दिसत नाही.

उपचार पुष्कळदा साधे असतात. रोना लेव्ही यांच्या २०१० सालच्या अभ्यासात २०० मुलं होती. त्यांतल्या एका गटातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी फक्त तीन बैठकी होत्या: श्वास आणि शरीर सैल सोडायचं शिकणं, 'दुखतंय म्हणजे काहीतरी भयंकर आहे' हा विचार तपासणं, आणि पालकांनी दुखण्यापेक्षा मुलाच्या चाललेल्या दिवसाला दाद देणं. दुखणं कमी झालं. गोळ्यांची वेळ क्वचित येते, आणि ती आली तर मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो.

मात्र पुढच्यांपैकी काहीही असेल तर मनाच्या गप्पा बाजूला ठेवून पोट नीट तपासायचं: वजन घटणं किंवा उंची खुंटणं, शौचातून रक्त, हिरवी किंवा सारखी उलटी, रेंगाळणारा ताप, झोपेतून उठवणारं दुखणं, गिळायला त्रास, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, सांधे सुजणं.

आठवड्याच्या रजेचं सर्टिफिकेट मी देत नाही. घरी राहिलं की चिंता लगेच उतरते, आणि मेंदू नेमका तोच धडा पक्का करतो: शाळा टाळली की सुटका. त्यापेक्षा अर्धा दिवस का होईना, जाऊ दे. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहून देतो की पोट दुखलं तर दहा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसू द्या, पाणी द्या, मग वर्गात घ्या, घरी फोन करू नका. यावर बहुतेक बाई मला फोन करून एकच विचारतात, "आणि डॉक्टर, खरंच काही झालं तर?" मग मी त्यांना वरची यादी वाचून दाखवतो.