राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोग

१८ वर्षांखालच्या सगळ्या पोरांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला केंद्र सरकारने नेमलेला हा आयोग, ऑफिस दिल्लीत. कायदा २००५ चा, प्रत्यक्ष काम सुरू झालं मार्च २००७ मध्ये. तसं बघितलं तर भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९९२ लाच मान्य केला होता, म्हणजे आयोग यायला पंधरा वर्षं गेली. पहिल्या अध्यक्ष शांता सिन्हा, तेव्हाच्या आंध्रात बालमजुरांना कामावरून सोडवून शाळेत बसवण्याचं काम केलेल्या, मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या. एक अध्यक्ष नि सहा मेंबर, त्यात निदान दोन बायका हव्यातच.

आता लोकांना वाटतं आयोग म्हणजे कोर्ट, तक्रार टाकली की समोरचा आत. तसं नाहीये. चौकशी करताना त्याला दिवाणी कोर्टाचे अधिकार असतात, म्हणजे समन्स काढून माणसाला बोलावता येतं, कागद मागवता येतात, शपथेवर जबाब घेता येतो, पण शिक्षा देता येत नाही, शेवटी सरकारला शिफारस करायची नाहीतर सरळ हायकोर्ट-सुप्रीम कोर्टात जायचं.

समजा सहावीतल्या पोराची फी थकली म्हणून शाळेने शाळा सोडल्याचा दाखला अडवला. शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत दाखला लगेच द्यायचा असं स्पष्ट लिहिलंय, उशीर केला तर मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते, आणि या कायद्यावर देखरेख आयोगाचीच. आयोगाला वाटलं तर तो संबंधित अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवतो, आणि महिनोन्‌महिने हलत नसलेली फाईल दिल्लीचं पत्र आलं की हलते, खरी ताकद मला तरी इथेच दिसते. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायद्यावरही त्याचीच नजर, आणि कुणी तक्रार केली नसली तरी पेपरातली बातमी वाचून तो स्वतःहून प्रकरण हातात घेऊ शकतो.

राज्यांचे आयोग वेगळे, महाराष्ट्राचाही आहे. तेच प्रकरण आधीच राज्य आयोगापुढे असेल तर दिल्लीवाले त्याची चौकशी करत नाहीत, म्हणून दोन्हीकडे अर्ज टाकून काही फायदा नाही. आणि मूल आत्ता या क्षणी संकटात असेल तर अर्जबिर्ज नंतर, आधी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.