कोमल आणि शुद्ध यांच्या मधला गंधार

कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधोमध एक जागा आहे. पियानोवर ती पट्टीच नाही, त्यामुळे तिथला स्वर बेसूर असणार असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिथे एक सरळ गुणोत्तर बसलं आहे, 11/9.

जस्ट इंटोनेशन या पद्धतीत स्वरांच्या कंपनसंख्या सा च्या तुलनेत पूर्णांकांच्या गुणोत्तरांनी लावतात. पंचम 3/2, कोमल गंधार 6/5, शुद्ध गंधार 5/4. सप्तकाचे 1200 सेंट (स्वरांतर मोजायचं एकक) धरले तर हे दोन गंधार साधारण 316 आणि 386 वर येतात, आणि 11/9 येतो 347 वर. हा न्यूट्रल, म्हणजे ना कोमल ना शुद्ध, गंधार. त्याच्यापासून पंचमाच्या अंतरावर निषाद लावला की तोही न्यूट्रल होतो, 11/6. सा, ग, प, नि एकत्र वाजवले की झाली न्यूट्रल सेव्हन्थ कॉर्ड, 18:22:27:33.

सा 180 हर्ट्झचा घ्या. मग ग 220, प 270, नि 330. आता 220 आणि 330 कडे पाहा: सा-प सारखंच 2:3! म्हणजे ही कॉर्ड दोन शुद्ध पंचमांची गुंफण आहे. एका जोडीत 11 चा मागमूस नाही, दुसरीच्या दोन्ही स्वरांत तो आहे. ‘मधला’ म्हणजे तडजोडीचा, ही समजूत इथेच गळून पडते. शिवाय प्रत्येक स्वरासोबत त्याच्या कंपनसंख्येच्या पटीतले उपस्वरही वाजतात (मूळ स्वर पहिला धरून); त्यांतला सा चा अकरावा, ग चा नववा आणि नि चा सहावा उपस्वर 1980 हर्ट्झवर एकत्र येतात. इतक्या वरचे उपस्वर क्षीण असतात, त्यामुळे ही वीण सैलच.

ग ते प हे अंतर 27/22, म्हणजे 355 सेंट. ते मात्र जुनं आहे. आठव्या शतकातल्या बगदादच्या झल्झल या ऊदवादकाचा (ऊद हे अरबी तंतुवाद्य) मधल्या बोटाचा पडदा दहाव्या शतकात तत्त्वज्ञ आणि संगीतशास्त्रकार अल-फाराबीने याच गुणोत्तराने नोंदवला.

सप्तकाचे 24 समान भाग केले तर 350, 700 आणि 1050 सेंट आयते मिळतात. कुठलाही स्वर तीन सेंटांहून जास्त चुकत नाही. सिंथेसायझरवर ऐकायचं असेल तर नुसत्या साइन तरंगावर ऐकू नका. त्यात उपस्वरच नसतात, मग 1980 वर भेटणार कोण? सगळे उपस्वर असलेला सॉटूथ तरंग लावा.