चिंचेनं घासलेला रुपया

'जुनं नाणं चकचकीत केलं की भाव वाढतो.' हा समज घरोघरी आहे, आणि त्यापायी व्हिक्टोरिया राणीचे कितीतरी चांदीचे रुपये चिंच-राखेनं घासून वाया गेले. प्रत्यक्षात भाव उतरतो.

ठसा बसताना धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेनं पसरतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. कोऱ्या नाण्याला तिरपं धरून फिरवलं की प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, तो त्यांच्यामुळे. आम्ल त्या रेषा खातं, राख त्यांवर ओरखडे काढते. उरते ती भांड्याची चमक. भिंगाखाली एकाच दिशेचे केसासारखे चरे दिसतात. नाण्यांचा दर्जा ठरवणारी एनजीसीसारखी संस्था मग 70 पैकी अंक देतच नाही, 'डीटेल्स' लिहून सफाईचा दोष नोंदवते. माळेसाठी कडी डाखलेल्या रुपयाचीही तीच गत.

टाकसाळीच्या थैलीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेले बारीक खळगे मात्र वेगळे. त्यांनी अंक कमी होतो, नाणं बाद होत नाही. काळपटपणा तर बहुधा दोषच नसतो. शिवराईवरचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावरचा, तो तपकिरी थर खरवडणाऱ्याला काय म्हणावं?

मातीच असेल, तर साध्या पाण्यात भिजवा आणि टिपून घ्या. पुसू नका.