फॉर्म प्रकरण: ब्रिटनमध्ये पाळत उघड झाली, खटला मात्र उभा राहिलाच नाही

२००७च्या उन्हाळ्यात ब्रिटिश टेलिकॉमच्या, म्हणजे बीटीच्या, काही ग्राहकांच्या लक्षात आले की आपला ब्राउझर मध्येच भलत्या पत्त्याकडे वळतो आहे. तक्रार केली तेव्हा दोष त्यांच्याच संगणकातल्या मालवेअरवर ढकलण्यात आला. प्रत्यक्षात बीटी आपल्या जाळ्यात फॉर्म (Phorm) नावाच्या जाहिरात कंपनीची यंत्रणा गुपचूप चालवून पाहत होती. त्याआधी २००६ मध्येही सुमारे १८ हजार ग्राहकांवर अशी चाचणी झाली होती. एकालाही विचारले नव्हते. बीटीने हे कबूल केले ते २००८ मध्ये, बातम्या येऊ लागल्यावर.

फॉर्मचे आधीचे नाव १२१मीडिया. तेव्हा ती लोकांच्या संगणकात बसून जाहिराती दाखवणारी सॉफ्टवेअर बनवायची. नव्या अवतारात संगणकात शिरायची गरजच उरली नाही, कारण ग्राहकाने मागितलेले प्रत्येक पान इंटरनेट कंपनीच्या हातूनच जाते. तिथेच ते उघडायचे, शब्द टिपायचे आणि त्यावरून माणसाची आवड ठरवून जाहिरात दाखवायची. केंब्रिजचे संशोधक रिचर्ड क्लेटन यांनी २००८ मध्ये या यंत्रणेची तांत्रिक चिकित्सा केली. आपण ज्या साइटवर जातो तिच्याच नावाने ही यंत्रणा बनावट कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी नोंद, ठेवते, हे त्यातून पुढे आले. फॉर्मचे म्हणणे असे की आम्ही नाव साठवत नाही, फक्त एक क्रमांक. असेलही; पण पाकिटावरचे नाव लिहून घेतले नाही म्हणून दुसऱ्याचे पत्र फोडणे माफ होत नाही.

कायदा नव्हता असे मुळीच नाही. २०००च्या ‘रिपा’ या तपास आणि पाळतीविषयीच्या ब्रिटिश कायद्यानुसार अधिकाराशिवाय दुसऱ्याचे संभाषण अडवून पाहणे हा गुन्हाच होता. फट होती ती संमतीच्या व्याख्येत: समोरच्याची संमती आहे असे मानायला ‘वाजवी कारण’ असले की पुरे. लंडन शहर पोलिसांनी नेमके त्याच फटीवर बोट ठेवले. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांनी गुन्हेगारी हेतू दिसत नाही, ग्राहकांची गर्भित संमती होती, असे सांगून तपास थांबवला. गुप्त चाचणीला गर्भित संमती कशी असू शकते, हे कोडे मला आजही सुटलेले नाही. लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानेही कारवाई केली नाही. गृहखात्याची तऱ्हा आणखी वेगळी. कायद्याचा अर्थ सांगणाऱ्या टिपणाबद्दल खात्याने फॉर्मशीच सल्लामसलत केली होती, असे २००९ मध्ये बाहेर आलेल्या ईमेलांतून दिसले.

हालचाल झाली ती ब्रुसेल्समुळे, कारण ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता. युरोपीय आयोगाने एप्रिल २००९ मध्ये ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली आणि सप्टेंबर २०१० मध्ये प्रकरण युरोपीय न्यायालयाकडे नेले. आक्षेप एका कंपनीवर नव्हता. ब्रिटनच्या कायद्यातली संमतीची व्याख्याच ढिली आहे आणि तक्रार ऐकायला स्वतंत्र यंत्रणा नाही, असा होता. दरम्यान जुलै २००९ मध्ये बीटीने फॉर्मचा नाद सोडला.

सरकारी अभियोक्त्यांनी एप्रिल २०११ मध्ये जाहीर केले की बीटी आणि फॉर्मवर खटला चालणार नाही. त्याच वर्षी कायदा बदलला. ‘वाजवी कारण’ गेले आणि हेतू नसतानाही दुसऱ्याचे संभाषण बेकायदा अडवून पाहिल्यास ५० हजार पौंडांपर्यंत दंडाची तरतूद आली. जानेवारी २०१२ मध्ये आयोगाने प्रकरण बंद केले. नवी तरतूद पुढच्यांसाठी होती. २००६ आणि २००७ च्या चाचण्यांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.