वीस शिलिंगांमागचं घराणं : जॉन हॅम्पडेन

सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यात पेटलेल्या इंग्लंडच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की सगळ्यांना संसदेचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल आठवतो. पण क्रॉमवेलला फारसं कोणी ओळखत नव्हतं, त्या काळात राजाला अडवणारा माणूस म्हणून देशभर नाव होतं ते त्याच्या आतेभावाचं, जॉन हॅम्पडेनचं.

हॅम्पडेन मंडळी बकिंगहॅमशायरमधल्या ग्रेट हॅम्पडेनची. किताब नाही, पण पिढीजात जमीन, जिल्ह्यात मान आणि संसदेत जाण्याची वहिवाट. ‘जेंट्री’ म्हणतात तो हा वर्ग. एका हॅम्पडेनने ब्लॅक प्रिन्सला, म्हणजे चौदाव्या शतकातल्या इंग्लंडच्या युवराजाला, ठोसा लगावला आणि त्यापायी ट्रिंग, विंग आणि आयव्हिंगो ही गावं घालवली, अशी दंतकथा आहे. ही गावं त्यांच्याकडे कधी नव्हतीच. पण गोष्ट चिकटली, आणि चिकटायला घराणंही तसंच मिळालं.

जॉनचा जन्म १५९५ च्या सुमाराचा. वडील विल्यम १५९७ मध्येच वारले. आई एलिझाबेथ ही हिंचिंगब्रुकच्या सर हेन्री क्रॉमवेलची मुलगी. राजा जेम्स किताब सढळ हाताने वाटत होता, तेव्हा आपल्या मुलानेही लॉर्ड व्हावं अशी तिची फार इच्छा होती. मुलाने मनावर घेतलं नाही. ऑक्सफर्ड आणि लंडनमधल्या इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेत शिकून तो १६२१ मध्ये ग्रॅम्पाउंडमधून संसदेत गेला, पुढे वेंडोव्हरमधून. जेम्सचा मुलगा, राजा पहिला चार्ल्स याने सक्तीचं कर्ज मागितलं तेव्हा ते नाकारून तुरुंगातही राहून आला. राजाच्या कैदेत असलेल्या सर जॉन इलियट या मित्राच्या मुलांकडे त्याने लक्ष दिलं.

मग आला शिप मनी. युद्धाच्या काळात किनाऱ्यावरच्या गावांनी राजाला जहाजं किंवा पैसे द्यायचे, ही जुनी रीत. १६२९ पासून संसदेविना राज्य करणाऱ्या चार्ल्सने तो १६३४ मध्ये शांततेतच मागितला आणि १६३५ मध्ये समुद्र नसलेल्या जिल्ह्यांवरही लादला. स्टोक मँडेव्हिलमधल्या जमिनीवर हॅम्पडेनला आकारणी झाली २० शिलिंगांची, म्हणजे एका पौंडाची. बड्या जमीनदाराला ही रक्कम म्हणजे काहीच नव्हे; म्हणूनच खटला पैशाचा नसून संसदेला न विचारता कर घेता येतो का याचा आहे, हे कोणालाही दिसत होतं. वकील ऑलिव्हर सेंट जॉन, तोही क्रॉमवेलांच्या सोयरिकीतला. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने गेले. हॅम्पडेन हरला, पण पाच जणांनी राजाला साथ दिली नाही याचीच चर्चा जास्त झाली आणि वसुलीला गळती लागली. १६४१ मध्ये संसदेने हा कर बेकायदा ठरवला.

४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स ज्या पाच खासदारांना पकडायला स्वतः सभागृहात घुसला, त्यांत हॅम्पडेन होता. युद्ध पेटल्यावर त्याने जिल्ह्यातून हिरव्या डगल्यांची पलटण उभी केली. १८ जून १६४३ च्या चालग्रोव्हच्या चकमकीत तो जखमी झाला आणि सहा दिवसांनी थेममध्ये वारला. गोळी शत्रूची की त्याचंच पिस्तूल फुटलं, हा वाद इतका टिकला की १८२८ मध्ये त्याची समजून एक कबरही उकरण्यात आली.

नातेवाईक सगळेच एका बाजूला होते असं मात्र नाही. कवी एडमंड वॉलर हाही जॉनचा आतेभाऊच, आणि जॉन वारला त्याच वर्षी, १६४३ मध्ये, लंडन राजाच्या हाती देण्याच्या कटात तो पकडला गेला.

मुलगा रिचर्ड १६९० मध्ये अर्थमंत्री झाला. नातू जॉनला राय हाउस कटाच्या, म्हणजे राजा दुसऱ्या चार्ल्सला मारण्याच्या १६८३ च्या कटाच्या, प्रकरणात तब्बल ४०,००० पौंडांचा दंड झाला. १६९६ मध्ये त्याने आत्महत्या केली. १७५४ मध्ये पुरुषवंश संपला. मालमत्ता मुलींच्या वंशात गेली, आधी ट्रेव्हरांकडे आणि १८२४ मध्ये होबार्टांकडे, आणि दोन्हीकडे हॅम्पडेन आडनावही घेतलं गेलं. यातले होबार्ट बकिंगहॅमशायरचे अर्ल. जॉनच्या आईला हवा होता तो मान असा लेकींच्या बाजूने आला. त्यांच्यातलाच रॉबर्ट होबार्ट १७९४ ते १७९८ मद्रासचा गव्हर्नर होता. टास्मानियातलं होबार्ट शहर त्याच्याच नावाचं.